हॉवर्थच्या पाळकाची कन्या शार्लट ब्राँटे : तिचा जीवनक्रम व शेवटचे दुखणे

इंग्लंड देशाच्या उत्तरेस यॉर्कशर परगण्यात हॉवर्थ नावाचे एक गाव डोंगराच्या उतारावर वसलेले आहे. गावाच्या माथ्यावर उपासनामंदिर, मंदिराला लागून कबरस्थान, व कबरस्थानाच्या काठावर पाळकाचे दगडी घर. त्या घरात वाढलेली एक कृश, ठेंगणी व लाजाळू मुलगी पुढे जगप्रसिद्ध ग्रंथकर्त्री झाली. आणि वयाच्या ३८व्या वर्षी, लग्नास एक वर्षही पुरे झाले नसता, पोटात गर्भ असताना देवाघरी गेली. तिचे नाव शार्लट ब्राँटे. तिच्या विद्वत्तेची कीर्ती पुष्कळांच्या कानी आली असेल. परंतु तिचा अंत कोणत्या दुखण्याने झाला, आणि त्या दुखण्याविषयी आपण आपल्या मंडळ्यांतून काय शिकावे, याचा विचार फारसा झालेला नाही. तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हे अल्पचरित्र लिहिले आहे.

शार्लटचे पिता रेव्हरंड पॅट्रिक ब्राँटे यांचा जन्म १७ मार्च १७७७ रोजी आयर्लंड बेटातील डाउन परगण्यात एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. त्यांनी लहानपणी विणकाम केले, मग स्वकष्टाने विद्या मिळवून ते गावचे शिक्षक झाले, आणि एका धर्मगुरूच्या साह्याने सन १८०२ मध्ये केंब्रिजच्या विद्यापीठात दाखल झाले. पुढे त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. सन १८१२ मध्ये मारिया ब्रॅनवेल या सुशील बाईशी त्यांचा विवाह झाला व त्यांस सहा लेकरे झाली. शार्लट ही तिसरी. तिचा जन्म २१ एप्रिल १८१६ रोजी थॉर्नटन गावी झाला. सन १८२० मध्ये हे कुटुंब हॉवर्थ येथे राहावयास आले, आणि दुसऱ्याच वर्षी, १५ सप्टेंबर १८२१ रोजी, आई दीर्घ दुखण्याने वारली. तेव्हा शार्लट पाच वर्षांची होती. आईची बहीण एलिझाबेथ हिने घरी येऊन त्या सहा पोरक्या लेकरांचा सांभाळ केला.

गरीब पाळकांच्या मुलींसाठी कोवन ब्रिज येथे एक वसतिशाळा होती. सन १८२४ मध्ये चार बहिणींस तेथे धाडण्यात आले. तेथील थंडी, अपुरे अन्न व कठोर शिस्त यांचा परिणाम असा झाला की, थोरल्या दोघी, मारिया व एलिझाबेथ, क्षयाने खंगून सन १८२५ च्या मे व जून महिन्यांत एकीमागून एक मरण पावल्या. शार्लट व एमिली यांस पित्याने घरी आणले. त्या वेळेपासून नऊ वर्षांच्या शार्लटवर धाकट्या भावंडांच्या थोरल्या बहिणीचा भार पडला.

पुढे शार्लटबाईंनी रो हेड येथील शाळेत विद्या संपादन केली, तेथेच शिक्षिकेचे काम केले, श्रीमंतांच्या घरी मुलांना शिकविण्याची नोकरी केली, आणि सन १८४२ मध्ये बेल्जम देशातील ब्रुसेल्स शहरी जाऊन फ्रेंच भाषेचा अभ्यास केला. सन १८४६ मध्ये तिघी बहिणींनी पुरुषी नावे धारण करून एक कवितासंग्रह छापविला. त्याच्या प्रथम दोनच प्रती खपल्या. तरी त्या खचल्या नाहीत. त्याच वर्षी पित्याच्या डोळ्यांतील मोतीबिंदू काढण्यासाठी शार्लटबाई त्यांस मँचेस्टर शहरी घेऊन गेल्या, आणि अंधाऱ्या खोलीत पडून असलेल्या वृद्ध पित्याची शुश्रूषा करता करता त्यांनी जेन एअर ही कादंबरी लिहावयास आरंभ केला. ती सन १८४७ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध होऊन सर्वत्र गाजली. त्या ग्रंथात हिंदुस्थानात सुवार्तेसाठी जाऊ इच्छिणारा एक पाळक आहे, हे आपल्या वाचकांस वाचून नवल वाटेल.

कीर्ती आली, तोच शोक आला. बंधु ब्रॅनवेल २४ सप्टेंबर १८४८ रोजी, एमिली १९ डिसेंबर १८४८ रोजी व धाकटी ॲन २८ मे १८४९ रोजी निवर्तली. आठ महिन्यांत तीन भावंडे गेली. सहांपैकी एकटी शार्लट व वृद्ध पिता एवढेच त्या घरात उरले. त्या गावी मरणाचे येणे नित्याचेच होते. पॅट्रिकसाहेबांच्या खटपटीने सरकारी तपासनीस तेथे आला व त्याने सन १८५० मध्ये लिहिले की, तेथे शेकडा ४१ हून अधिक लेकरे सहा वर्षांची होण्यापूर्वीच मरतात. पिण्याचे पाणी घाण, गटारांची सोय नाही. ह्या पाळकाने आपल्या मंडळीस शुद्ध पाणी मिळावे म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली, ही गोष्ट प्रत्येक उपदेशकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सन १८४५ पासून आर्थर बेल निकल्स नावाचे आयरिश साहाय्यक पाळक हॉवर्थ येथे काम करीत होते. ते गंभीर, अबोल व कर्तव्यनिष्ठ होते. सन १८५२ च्या डिसेंबरात त्यांनी शार्लटबाईंस मागणी घातली. पिता फार संतापले. वर्षाला १०० पौंड वेतनाच्या साहाय्यकाला आपली नामांकित कन्या देणे त्यांस मानवेना. निकल्ससाहेबांनी ऑस्ट्रेलियात मिशनरी म्हणून जाण्यासाठी अर्ज केला, परंतु पुढे तो विचार सोडून ते दुसऱ्या गावी कामास गेले. त्यांची निष्ठा ढळली नाही. हळूहळू पित्याचे मन वळले, आणि २९ जून १८५४ रोजी हॉवर्थच्या मंदिरात त्यांचे लग्न झाले. ऐन वेळी पित्याने मंदिरात येण्याचे नाकारिले, म्हणून बाईंच्या जुन्या शिक्षिकेने कन्यादान केले.

लग्नानंतर आयर्लंडचा प्रवास करून उभयता परत आली, तेव्हा त्यांनी शब्बाथशाळेची मुले, शिक्षक, गाणारे व घंटा वाजविणारे अशा सुमारे ५०० जणांस चहापान दिले. ज्या बाईंचा दिवस पूर्वी लेखणी व एकांत यांत जाई, त्यांचा दिवस आता गरिबांच्या भेटीत, शाळेत व पतीच्या कामात जाऊ लागला. आपण सुखी आहोत असे त्या मैत्रिणींस लिहीत. एवढ्या दुःखांनंतर मिळालेले हे सुख अवघ्या नऊ महिन्यांचे ठरले.

सन १८५५ च्या जानेवारीत त्यांस मळमळ सुरू झाली. प्रथम वाटले, पोट बिघडले असेल. पण मळमळ थांबेना. अन्न पाहिले की ओकारी, वास आला की ओकारी, आणि उठून बसावे तर भोवळ. महिन्याच्या अखेरीस ब्रॅडफर्डचे नावाजलेले डॉक्टर मॅकटर्क यांस बोलाविण्यात आले. त्यांनी सांगितले की, हे दुखणे गरोदरपणामुळे आहे. काही काळ चालेल, पण तूर्त जिवास धोका नाही. घरच्या मंडळींस धीर आला. अशा वेळी जो धीर आपणही एकमेकांस देत असतो, तोच हा धीर होता: तीन महिने सरले म्हणजे थांबेल.

परंतु ते थांबले नाही. फेब्रुवारी महिना त्यांनी अंथरुणावर काढिला. रात्रंदिवस ओकाऱ्या येत. पोटात काही उरले नाही तरी कोरड्या ओकाऱ्या येत, आणि ओकारीबरोबर रक्तही पडू लागले. अंथरुणातून शिसपेन्सिलीने लिहिलेल्या पत्रांत त्यांनी एका मैत्रिणीस विचारिले की, ओळखीच्या अमुक बाईस गरोदरपणी असेच झाले होते, तर ते किती दिवस चालले व कसे होते ते कळवावे. त्या बाईचे दुखणे आपल्यासारखेच होते असे उत्तर आले, तेव्हा त्यांस मोठे समाधान वाटले. वाचकहो, ह्या लहानशा गोष्टीकडे लक्ष द्या. जगप्रसिद्ध ग्रंथकर्त्रीस त्या घडीला स्तुती नको होती, उपदेशही नको होता. असे दुसरीलाही झाले व ती त्यातून वाचली, एवढेच तिला ऐकावयाचे होते.

त्याच महिन्यात ३० वर्षे घरात राबलेली वृद्ध दासी टॅबी मरण पावली. १७ फेब्रुवारी रोजी शार्लटबाईंनी मृत्युपत्र करून आपली मालमत्ता पतीच्या नावे केली, आणि मूल झाल्यास त्याचीही तरतूद केली. म्हणजे जगण्याची आशा व मरणाची तयारी त्या दोन्ही एकत्र करीत होत्या. पती त्यांची सेवा अति कोमलपणे करीत. त्यांच्यासारखा सेवा करणारा कोणी नसेल असे त्यांनी मैत्रिणींस कळविले. मार्था नावाची दासी येणाऱ्या बाळाची गोष्ट काढून त्यांचे मन रिझवू पाही. पण त्या सहा आठवड्यांत त्यांच्या पोटात राहिले ते एखाद्या चिमणीलाही पुरले नसते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचे भान हरपू लागले, त्या बरळू लागल्या. मग एकाएकी अन्न मागू लागल्या व ते पोटात राहूही लागले. परंतु शरीर पार आटून गेले होते. ३१ मार्च १८५५, शनिवार, पहाटेस त्यांचा प्राण गेला. गावात मृत्यूची घंटा वाजली. ४ एप्रिल रोजी त्यांस आई व भावंडे यांच्याजवळ मंदिरातील कबरेत ठेविले. आपली सहाही लेकरे पुरून पॅट्रिकसाहेब उरले. निकल्ससाहेबांनी त्यांस सोडिले नाही, तर ते सन १८६१ मध्ये वारले तोपर्यंत सहा वर्षे त्याच घरात राहून त्यांची सेवा केली.

मृत्यूच्या दाखल्यावर क्षय असे कारण लिहिले आहे. तथापि सन १८५७ मध्ये श्रीमती गॅस्केल यांनी लिहिलेले चरित्र व बाईंची स्वतःची पत्रे यांवरून, सन १९७२ मध्ये फिलिप रोड्स नावाच्या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांनी असे मत मांडिले की, हा अंत गरोदरपणातील अतितीव्र वांत्यांमुळे झाला. क्षय किंवा विषमज्वर असावा असे म्हणणारेही आहेत. परंतु एवढे निश्चित की, त्यांच्या पोटात सहा-सात आठवडे अन्नपाणी ठरले नाही, आणि असे झाले असता निरोगी मनुष्यही जगत नाही.

आपल्याकडे ज्याला कडक डोहाळे म्हणतात, त्याचेच हे अति भयंकर रूप होय. थोडीबहुत मळमळ दहांपैकी सात-आठ गरोदर स्त्रियांस होते व ती बहुधा चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत निवळते. परंतु शंभरांत एक-दोघींस ती इतकी बळावते की पाण्याचा घोटही ठरत नाही, वजन झपाट्याने उतरते व शरीरास शोष पडतो. विसाव्या शतकात काही डॉक्टर व लेखक असे म्हणत की, ज्या स्त्रीला मनातून मूल नको असते तिलाच असे होते. शार्लटबाईंवरही हा आरोप ठेवण्यात आला. पण सन २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, ह्या दुखण्याचे एक मुख्य कारण जीडीएफ-१५ नावाचे द्रव्य आहे. ते गर्भ व वार यांतून आईच्या रक्तात उतरते व मेंदूच्या ओकारी आणणाऱ्या भागास चेतविते. आणि ज्या स्त्रीच्या अंगात हे द्रव्य गरोदरपणापूर्वी अल्प असते तिला ते अधिक बाधते. म्हणून हे ढोंग नव्हे, नाजूकपणा नव्हे, कोणाची नजर नव्हे, करणी नव्हे, आणि विश्वासाची उणीव तर मुळीच नव्हे.

मग शार्लटबाई वाचल्या असत्या काय? त्यांच्याजवळ प्रेमळ पती होता, दासी होती, धन होते, नामांकित डॉक्टरही होता. नव्हते ते एकच: तोंडावाटे न ठरणारे पाणी शरीरात पोहोचविण्याचा मार्ग. सन १८३२ मध्ये स्कॉटलंडातील लीथ येथे डॉक्टर टॉमस लॅटा यांनी पटकीच्या रोग्यांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडून काहींचा जीव वाचविला होता; परंतु ती युक्ती मागे पडली, व पुढे बऱ्याच वर्षांनी सर्वत्र रूढ झाली. आज तेच सलाईन तालुक्याच्या रुग्णालयात मिळते. हॉवर्थच्या पाळकाच्या घरी जे कोणत्याही किमतीस मिळाले नाही, ते आज गरिबातल्या गरीब ख्रिस्ती बहिणीस मिळू शकते. अट एवढीच की तिला वेळेवर तेथे कोणीतरी नेले पाहिजे.

येथे शास्त्राविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. उत्पत्ति ३:१६ याचा आधार घेऊन कोणी म्हणतात की, गरोदरपणाचे क्लेश हव्वेच्या पापाचे फळ आहेत, ते सोसलेच पाहिजेत. सन १८४७ मध्ये एडिंबरोचे डॉक्टर सिम्सन यांनी प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म देण्यास आरंभ केला, तेव्हा हीच हरकत निघाली, व त्यांनी शास्त्रातूनच तिचे उत्तर दिले. त्याच अध्यायात भूमीला काटे व कुसळे उगवतील असे सांगितले आहे. पण म्हणून कोणता शेतकरी खुरपणी सोडितो? आपल्या प्रभूने आजाऱ्यास, तू सोस, असे सांगून परत धाडिल्याचे शुभवर्तमानात कोठेही आढळत नाही.

त्याहून उत्तम धडा १ राजे १९ यात आहे. एलीया संदेष्टा थकून रतामाच्या झुडपाखाली पडला व मरण मागू लागला. देवाने दूत पाठविला. त्या दूताने त्यास दोष दिला नाही, व्याख्यान दिले नाही. भाकर व पाण्याचे भांडे उशाशी ठेविले व त्यास निजू दिले, आणि दुसऱ्यांदा पुन्हा तेच केले. पुढचे काम मागाहून सांगण्यात आले. गरोदर स्त्री जेव्हा ओकून ओकून निपचित पडते, आणि देवा, आता मला ने, असेही म्हणते, तेव्हा तिच्या घरच्यांनी व मंडळीने त्या दूताचे काम करावे.

ते काम कसे करावे? पहाटे उठण्यापूर्वीच तिच्या हाती मूठभर लाह्या, कुरमुरे किंवा भाकरीचा सुका पापुद्रा द्यावा. पाणी एकदम न देता घोटघोट, दर थोड्या वेळाने द्यावे. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून तेही असेच पाजावे. पेज, ताक, आल्याचा तुकडा, जे तिला रुचेल ते द्यावे. जे रुचत नाही त्याचा आग्रह करू नये. चुलीच्या धुराने व फोडणीच्या वासाने ओकारी बळावते, म्हणून स्वयंपाक पतीने किंवा सासूने करावा. पाळकपणाची दीक्षा घेतलेले निकल्ससाहेब पत्नीच्या उशाशी बसून सेवा करीत. मग आपल्या उपदेशकास चुलीपुढे बसण्याची लाज कसली?

परंतु पुढील चिन्हांपैकी एकही दिसले तर घरगुती उपायांवर एक दिवसही घालवू नये: दिवसभरात पाणीसुद्धा पोटात न ठरणे, लघवी फार थोडी किंवा गडद होणे, उभे राहताच भोवळ येणे, ओकारीत रक्त पडणे, वजन झपाट्याने उतरणे, बोलणे असंबद्ध होणे. ताप आला किंवा डोळे पिवळे झाले तर तो डोहाळ्यांचा प्रकार नव्हे, दुसरा रोग असू शकतो. तेव्हाही त्वरा करावी. गावच्या आशाताईंस बोलवावे, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, वाहन नसल्यास १०८ या क्रमांकावर फोन करावा. डॉक्टरांस वांत्या किती आठवड्यांपासून आहेत ते स्पष्ट सांगावे. कारण पुष्कळ दिवस अन्न न ठरल्यास बी-१ जीवनसत्त्व संपते, व ते न देता केवळ साखरेचे सलाईन दिल्यास मेंदूस अपाय होऊ शकतो. गरोदरपणात देण्याजोगी वांतीची औषधेही आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

उपदेशक बंधूंनो, एखादी बहीण तीन आदितवार उपासनेस आली नाही, तर ती विश्वासात थंड झाली असे समजण्यापूर्वी तिच्या दाराशी जाऊन विचारपूस करा. तिच्या घरी प्रार्थना लांबवू नका. निघताना घागरीत पाणी आहे की नाही ते पाहा. उपवासाच्या दिवशी तिला उपवास करू देऊ नका. बायबलबायांनो, ज्या बहिणी अशा दुखण्यातून पार पडल्या असतील त्यांस तिच्याजवळ घेऊन जा व आपला अनुभव सांगू द्या. आणि वडीलधाऱ्या मातांनो, आम्हीही लेकरे जन्माला घातली, असे तिला म्हणू नका. तुम्हांस जे सोसावे लागले त्याहून हिचे दुखणे निराळे असू शकते.

शार्लट ब्राँटेच्या घरी प्रेमास तोटा नव्हता, प्रार्थनेसही नव्हता. आज देवाने प्रेम व प्रार्थना यांच्या जोडीला उपायही दिला आहे. तो उपाय आपल्या बहिणींच्या मुखी वेळेवर पोहोचविणे ही आपली सेवा आहे. ज्या प्रभूने तहानेल्याला दिलेला गार पाण्याचा एक प्यालाही विसरणार नाही असे वचन दिले, तो ही सेवा मान्य करून घेवो. आमेन.